अर्धंच नेणाऱ्या सिस्टरबाई

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही माल ज्याचा त्याला परत करण्यासाठी. एका दुपारी डोक्यावर पोतं घेऊन मी गावभर फिरले आणि एका बाईनं चार वर्षं जपलेलं काम दोन तासांत मोडून ठेवलं. वर घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आज माझ्या हातून लई पुण्याचं काम झालं." तो म्हणाला, "मंग आज सैपाक न्हाई का?" त्या दिवशी आमच्या घरात शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

आता मी आजी झाले. नातवंडांना सांगते, तुमची आजी तरुणपणी फार हुशार होती. खोटं सांगते. तरुणपणी मी हुशार नव्हते, मला फक्त तसं वाटायचं; आणि असं वाटणाऱ्या माणसाच्या हाती सरकारनं एक रजिस्टर, एक पिशवी आणि आशाताई हे नाव दिलं की काय होतं ते ऐका.

आमचं गाव औंढ्याहून शिरड शहापूरकडं जाताना आडवळणाला लागतं. गावच्या उपकेंद्रात एक सिस्टरबाई होत्या. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या; लेक आजोळी शिकायला. सोबतीला चार कोंबड्या. उंच, काटकुळ्या, पायात पुरुषी सँडल, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालायच्या. समोरचा रामराम म्हणो, सलाम म्हणो, यांचा जयभीम आधीच पोचलेला असायचा. त्यांचं नाव सरकारी कागदावर असेल. गावात कुणी घेतलं नाही, मीही घेत नाही.

बाईंची पहिली खोड म्हणजे त्यांचा प्रश्न. कुणीही औषधाला येवो, थर्मामीटर झटकता झटकता त्या विचारायच्या, "ताप कधीपासून? जुलाब किती झाले? मरून जावं असं वाटतं का?" तिन्ही एकाच सुरात. हळद लागलेल्या नवरदेवाला विचारलं. तो पिवळ्याचा पांढरा झाला. सरपंचाला विचारलं, तो म्हणाला, "मला न्हाई वाटत, इरोधी पार्टीला वाटतं." एकदा तपासणीला एक साहेब आले, रजिस्टर चाळता चाळता म्हणाले की डोकं दुखतंय. बाईंनी गोळी दिली आणि लगेच विचारलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाले, "मार्च महिन्यात वाटतं." बाईंनी मला चहा ठेवायला लावला, दार पुढं केलं आणि साहेबांना अर्धा तास बोलू दिलं. तपासणी तशीच राहिली. पुढं ते साहेब दर मार्चमध्ये काम नसताना आमच्या उपकेंद्रात येऊन जायचे.

मी मात्र शरमेनं मरायची. एकदा म्हटलंच, "सिस्टरबाई, असं तोंडावर इचारू नये. नसलं मनात तर यायचं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आशाताई, तुमी घरोघर फिरून रोज इचारता, जुलाब हायेत का. तुमच्या इचारण्यानं आजवर कुणाला लागले का?"

मी पिशवी उचलली आणि फेरीला निघाले. त्या दिवशीही घरोघर जुलाबच विचारले.

माझी पद्धत वेगळी होती. मला वरून पत्र आलं होतं की जनजागृती करा. मी जागृतीच करायला बसले. उपकेंद्राच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं, "जीवन अनमोल आहे." त्यावर आठ दिवसांत कुणीतरी गोवऱ्या थापल्या. मग शाळेत घोषणांची स्पर्धा ठेवली आणि पहिलं बक्षीस माझ्याच भाचीला दिलं. शेवटी ग्रामसभेत सगळ्या गावाकडून शपथ घेतली: "मी कितीही संकट आलं तरी माझा जीव देणार नाही." उजवा हात पुढं, डोळे मिटून, माझ्या मागून म्हणा. सगळ्यांनी म्हटली. फक्त गंगूआजी हात पुढं करेना. ऐंशीच्या घरातली म्हातारी. म्हणाली, "अन् उद्या देवानं नेलं तर शपथ मोडल ना माय? तवा काय तू सोडवायला येशील?" लोक हसले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: उपस्थित एकशे बारा, शपथ घेतलेले एकशे अकरा. मला वाटलं, आता या गावात गंगूआजी सोडून कुणाला धोका नाही.

बाई त्या सभेला मागं उभ्या होत्या. घरी जाताना म्हणाल्या, "छान झालं. आता असंच समद्यांना शपथ द्या, की ताप येऊ देणार न्हाई."

बाईंची दुसरी युक्ती म्हणजे दोन कुलपांची पेटी. फवारणीची औषधं घराघरात खाटेखाली, चुलीमागं, लेकरांच्या हाताशी पडलेली असायची. बाईंनी पंचायतीच्या पडक्या गोदामात एक लोखंडी पेटी बसवून घेतली. गावाची सगळी औषधं तिच्यात. पेटीला कुलपं दोन, आणि चाव्या दोन सख्ख्या भावांकडं. हे भाऊ बांधावरून भांडले होते आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी म्हटलं, "अहो सिस्टरबाई, एखाद्याला बाटली पाहिजे तर या दोघांना एका जागी आणायचं कसं?" बाई म्हणाल्या, "तेच तर."

खरोखर, फवारणीला बाटली काढायची म्हणजे लग्न जमवल्यासारखं होतं. थोरल्याकडं जा, तो म्हणणार, "तो आला तर मी येतो." धाकट्याकडं जा, तो म्हणणार, "त्याला म्हना आदी तू ये." मधे दोन्हीकडं चहा. दोघं आले की एकमेकांकडं पाठ करून कुलपं काढणार. ज्याला खरोखर फवारणी करायची तो आदल्या दिवशीच तयारीला लागायचा. ज्याला काही वेगळंच करायचं असेल त्याचा राग या वरातीत कुठंतरी उतरून जायचा. "तिरमिरी लई वेळ टिकत न्हाई, आशाताई," बाई म्हणायच्या. "तेवढी टळली पायजे. पुढचं मंग पुढं बघता येतं." लोक बाईंना शिव्या द्यायचे, पण पेटीत बाटल्या ठेवायचे. आणि गंमत म्हणजे दोघा भावांना पेटीमुळं रोज तोंडं बघावी लागायची. पाठीकडून का होईना, पण ते बोलायला लागले.

कुणाला फारच अंधारून आलं तर बाई त्याला बसमध्ये घालून हिंगोलीला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन जायच्या. घरचे म्हणायचे, "बाहेरची बाधा हाये, गोळीनं काय होतंय." बाई वाद घालायच्या नाहीत. "असू द्या बाधा. गोळी रोज द्या. बाधेला बी झोप लागली पायजे."

आणि तिसरी खोड. ती मला सगळ्यात शेवटी कळली, म्हणजे कळायच्या आधी मी पोतं भरलं.

सिस्टरबाई लोकांच्या घरातून वस्तू न्यायच्या. मागून न्यायच्या, पण परत द्यायच्या नाहीत. तेही धड वस्तू न्यायच्या नाहीत; अर्धी न्यायच्या. पाटा ठेवून वरवंटा. डबा ठेवून झाकण. जोडीतली एक चप्पल. अडकित्त्याचा खिळा. शिलाई मशीनची बॉबिन. "जरा द्या, आणून देते," म्हणायच्या की संपलं. मग ज्याचं गेलं ते माणूस दिवसाआड उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन भांडायचं. "सिस्टरबाई, माझा वरवंटा!" "सापडंना बाई. बस, चहा घे, शोधते." चहा व्हायचा, वरवंटा सापडायचा नाही, आणि माणूस बडबडत घरी जायचं, पुन्हा परवा यायला.

मी मनात म्हणायची, एवढी शिकलेली बाई आणि हा हात! पण साहेबांना कसं सांगायचं? शेवटी देवानं संधी दिली. म्हणजे देवाचा संबंध नव्हता, बाईंचं चार दिवसांचं ट्रेनिंग निघालं. कोंबड्यांना दाणे टाकायला त्यांनी खोलीची चावी माझ्याकडं दिली. मी आत गेले, मांडणीवरचा पडदा बाजूला केला आणि बघते तर काय, ओळीनं मांडलेल्या एकोणीस वस्तू. सगळ्या अर्ध्या. प्रत्येकीवर दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी आणि पेनानं लिहिलेलं नाव. चोर तर चोर, वर हिशोबी चोर! मला आनंदानं काटा आला. कोंबड्या राहिल्या उपाशी; मी पोतं शोधलं.

घरोघर गेले. "हे घ्या तुमचं, मी सोडवून आणलं." मला वाटलं, लोक माझ्या गळ्यात पडतील. पहिल्याच घरी सखूबाईनं वरवंटा बघून कपाळाला आठ्या घातल्या. "काहून आणलास? मी मागितला व्हता का तुला?"

"अगं, तू तर रोज भांडायला जातीस!"

"मंग? भांडायला बी जाऊ नको का मी?" आणि माझ्यासमोर तो वरवंटा पदराखाली घेऊन तरातरा उपकेंद्राकडं गेली, बाईंच्या दाराशी ठेवून आली. चप्पलवाला तसाच. झाकणवाली तशीच. मला वाटलं, गाव येडं झालंय.

एका वस्तूचं नाव पुसलं होतं. कॅरमचा स्ट्रायकर. तो घेऊन मी शेजारच्या वाडीत गेले. तिथं पारावर पोरं कॅरम खेळत होती. म्हटलं, "कुणाचा रे हा?" पोरांनी बघितलं. एकाचीही सोंगटी पुढं सरकली नाही. एक जण म्हणाला, "ताई, तो सिस्टरबाईलाच द्या." मी म्हटलं, काय ही उद्धट पोरं, आणि स्ट्रायकर पोत्यात टाकला.

त्याचं मला नंतर कळलं. त्या स्ट्रायकरचा मालक एकोणीस-वीस वर्षांचा होता. महिनाभर रोज येऊन बाईंशी भांडला होता. मग बाई एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन नांदेडला गेल्या, आठ दिवस अडकल्या, आणि तेवढ्यात तो गेला. आमच्या गावातली पेटी त्यानंतरची. बाई एकदाच त्याच्याबद्दल बोलल्या. "लोक म्हनतात तुमच्यामुळं अमका वाचला, तमका वाचला. मला काय ठावं? जे वाचले ते कशानं वाचले कळत न्हाई. जो गेला त्याचं मातर कळतं, कुठं कमी पडलो." एवढं बोलून त्या लसीचा डबा पुसत बसल्या. तो डबा आधीच पुसलेला होता.

पण पोतं घेऊन फिरणाऱ्या मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या पोत्यात त्या स्ट्रायकरशिवाय आता एकच वस्तू उरली होती: कुकरची शिट्टी. पट्टीवर लिहिलं होतं, कंडक्टरचाचा.

चाचा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले आणि त्याच वर्षी चाची गेल्या. एक लेक, ती हैदराबादला दिलेली. शपथेच्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता, बसमधली सवय. बाईंनी त्यांच्या कुकरची शिट्टी नेल्यापासून ते रोज बाराच्या ठोक्याला हातात धुतलेले डाळ-तांदूळ घेऊन उपकेंद्रावर यायचे. "शिट्टी देत न्हाई तर तुमच्या कुकरात शिजवून द्या!" बाई शिजवायच्या, चाचा ओट्यावर बसून जेवायचे आणि शेवटच्या घासापर्यंत भांडायचे. "बाई, सरकारी नोकर अन् असा जुलूम!" हे सात महिने चाललं होतं.

मी शिट्टी दिली. चाचांनी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी करून बघितली. भांडले नाहीत. म्हणाले, "शुक्रिया बेटी. आता कामच झालं." मग आत गेले आणि कुकर घेऊन बाहेर आले. शिट्टी लावून माझ्या हातात दिला. "हा तूच ने. मला आता काय करायचाय?"

आणि तुम्हाला सांगते, मी नेला! पाच लिटरचा, चांगल्या बुडाचा. माझ्या चांगुलपणाचं बक्षीस म्हणून कडेवर घेऊन मिरवत घरी आणला. तीन दिवस त्यात वरण लावलं. शिट्टी झाली की सासूला ऐकवायची, "बघा, लोकांना किंमत हाये आपली."

चौथ्या दिवशी दुपारी बाई परतल्या. दाराशी वस्तूंचा ढीग, कोंबड्या रागावलेल्या. सरळ माझ्या घरी आल्या. माझा कुकर चुलीवर होता.

"हा कुणाचा?"

"चाचांनी दिला. बक्षीस!"

बाईंच्या खांद्यावरची बॅग खाली पडली. "कधी?"

"तीन दिवस झाले. शिट्टी परत केली तर इतके खूश झाले की म्हणाले, आता मला काय करायचाय."

"आशाताई," बाई म्हणाल्या, "माणूस जवा आपलं भांडं देऊन टाकतं, तवा ते खूश असतं व्हय?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी हितं नव्हते, अन् कुकर तुमच्याकडं. तीन दिवस ते जेवाया कुठं गेले?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तशीच कुकर फडक्यात उचलून पळत सुटले. आतलं वरण डुचमळत होतं, शिट्टी वाटेत थुई करून वाजत होती, पदर कुठं, चप्पल कुठं. पुढं बाई त्या पुरुषी सँडलांत हरणासारख्या. गाव बघत होतं. गावाला वाटलं, मी कुकर चोरला आणि बाई मला सोडून उलट्या पुढं पळतायत.

चाचांचं दार उघडं होतं. चाचा खुर्चीत बसले होते. इस्त्री केलेला खाकी ड्रेस, दाढी केलेली, केस विंचरलेले. टेबलावर घराची चावी आणि लेकीच्या नावाचं पाकीट. मला बघून बरं वाटलं. म्हटलं, गावाला निघालेत! मी तसं म्हणणारच होते, तोवर बाईंनी माझा दंड धरला. "इचारा."

"मी?"

"शिट्टी तुमी दिली. तुमीच इचारा. नीट."

मी चाचांसमोर उभी राहिले. कडेवर कुकर. "चाचा," म्हटलं, "तुमाला... म्हंजी असं... मनात काही... पोट साफ होतं का?"

बाईंनी डोळे मिटले.

"म्हंजी चाचा, तसं न्हाई. तुमाला... मरून जावं असं वाटून राहिलं का?"

सुटला एकदाचा शब्द. मला वाटलं, आता चाचा चिडतील, शिव्या देतील, म्हणतील, मी शपथ घेतलीय. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय बेटी. आजच."

आता माझी पंचाईत अशी, की प्रश्न मी बाईंच्या तोंडून हजार वेळा ऐकला होता. "व्हय" आल्यावर काय करायचं ते मी कधी बघितलंच नव्हतं. त्या वेळी मला नेहमी चहाला पाठवलेलं असायचं. तोंड उघडलं तर आतून उचकी आली. एक, दोन, मग थांबेचनात. डोळ्यांतून धारा, आणि मी कुकरासकट चाचांच्या दारात फतकल मारून बसले. झाकण निसटून वरण सांडलं. शपथ देणारी, भिंती रंगवणारी, एकशे अकरा जीव वाचवणारी आशाताई बैलगाडीखाली सापडलेल्या कोंबडीसारखी आवाज करत होती.

चाचा खुर्चीतून उठले. माठाशी गेले, तांब्या भरला, माझ्याजवळ उकिडवे बसून मला पाणी पाजलं. पाठीवर थोपटलं. "सावकाश, बेटी, सावकाश."

बाई तोवर शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. घाई नाही, उपदेश नाही. म्हणाल्या, "चाचा, जे आणून ठेवलं ते माझ्याजवळ द्या." चाचांनी खुर्चीखालून पिशवी काढून दिली. बाईंनी ती बाहेर उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडं दिली, पेटीत टाकायला. तो अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून धाकट्याच्या घरी हाक मारायला गेला. मग बाईंनी चाचांना बोलू दिलं, दोन तास. चाचींबद्दल, पोकळ घराबद्दल, रात्री आपोआप जाग येते आणि जायला बस नसते याबद्दल. दुसऱ्या दिवशी बाई आणि मी त्यांना घेऊन हिंगोलीला गेलो. बसमध्ये त्यांनी नव्या कंडक्टरच्या चार चुका काढल्या. गोळ्या सुरू झाल्या, लेक महिनाभर येऊन राहिली. पुढं वर्षभर आम्हा दोघींपैकी कुणीतरी रोज चाचांकडं जायचं आणि काहीतरी भांडण काढायचं. भांडण काढण्यात मी लवकर तयार झाले. बाई म्हणायच्या, या एका कामाला तुमी जन्मजात लायक हाये.

सिस्टरबाई आता रिटायर होऊन वारंगा फाट्याजवळ लेकीकडं राहतात. मागं भेटायला गेले तर निघताना माझ्या पर्सची चेन अर्धी उघडी दिसली आणि चष्मा होता, चष्म्याचं घर नव्हतं. मी घाबरून विचारलं, "बाई, मी काय तशी दिसून राहिले का?" म्हणाल्या, "न्हाई, पण तुमी लई दिवसांनी आलात."

चाचा पुढं आठ वर्षं जगले आणि म्हातारपणानं, रीतसर, लेकीच्या घरी गेले. त्या दुपारनंतर वर्षभरानं मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं. म्हटलं, चाचा, मी तर काहीच केलं न्हाई, उलट घोळच घातला; मग तुमी त्या दिवशी थांबला कशानं? चाचा सुपारी कातरत होते. ते न हसता म्हणाले,

"बेटी, तू इचारलं अन् तुझंच तोंड पांढरंफटक पडलं. म्हनलं, आपलं नंतर बघू, पैले या पोरीला पानी पाजावं. पानी पाजलं, तवर मला भूक लागली."